चिमूटभर भंडारा

भाऊसो पुजाऱ्यानं "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत भंडाऱ्याची ओंजळ उधळली आणि बेटवाल्या आजीनं किंकाळी फोडून बाळावर झेप घातली. जावळ काढलेलं कोवळं डोकं तिनं झग्याखाली झाकलं, तोंडात बोट घालून पिवळं पुसून काढलं आणि तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. ढोल थांबले. पोर टाहो फोडायला लागलं.

बयाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवसाचा नातू, दहिवडीपासूनची सगळी भावकी गोळा केलेली, आणि सुनेची आजी देवाचा भंडारा धुऊन टाकतेय!

"आवं विहीणबाई, खुळ्या झालासा काय? पप्पू, घे पोराला!"

तिचा लेक पप्पू बोटीवर नोकरीला. भर समुद्रातल्या एका बेटावरची लेमी त्यानं बायको करून आणली होती. पणतवंडाच्या कौतुकाला तिची आजी आली होती. तो पुढे झाला, पण लेमीनंच त्याचा हात धरला. ती इंग्रजीत हळू बोलत गेली आणि पप्पूचा चेहरा उतरत गेला.

"आई, आजी ल्हान हुत्या तवा लांबच्या सरकारनं तिकडं अणुबॉम्ब फोडून बघितला. ह्यांच्या बेटावर आभाळातनं पांढरी पूड पडली. पोरं त्यात खेळली, तोंडाला फासली. सांजच्याला अंगाची लाही झाली, मागनं कातडी सोलून निघाली. धाकटी भैन त्यातच गेली."

"आगं बया!" बयाबाईचा पदर तोंडावर गेला. "आन् सरकार?"

"भरपाई दिली. लय वर्सांनी."

आजी अजून बाळाला झग्याखाली झाकून बसली होती. बयाबाई तिच्यापुढं मातीतच बसली.

"हळद हाय म्हणावं ही. कायबी हुत न्हाई."

पप्पूनं सांगितलं. आजीनं बाळ आणखी घट्ट धरलं आणि ती काहीतरी बोलली. लेमीकडून समजून घेऊन पप्पूनं तेही सांगितलं.

"ह्यास्नी दुसरीकडं हलवलेलं, तवा तिकडच्या सायबांनीबी असंच सांगितलं हुतं म्हणं. कायबी हुत न्हाई, जावा परत घरी."

बयाबाईनं ताटातला चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवला आणि उरलेला दोन्ही गालांना फासला.

"बघा म्हणावं. लागंल तेवढा येळ बघा."

आजी बघत राहिली. भावकी कुरकुरत झाडाखाली सरकली, मटण निवलं, उन्हं कलायला लागली. शेवटी आजीनं हात पुढं केला, बयाबाईच्या गालावरचं पिवळं अंगठ्यानं चोळलं आणि खालची कातडी नीट निरखली. मग बाळ तिच्या मांडीवर ठेवून ती काहीतरी पुटपुटली. लेमीला रडू फुटलं.

"काय म्हणत्यात?"

लेमीनं रडतच पप्पूला इंग्रजीत सांगितलं.

"म्हणत्यात, सायेब दरसाल तपासाया यायचं. पैसंबी दिलं. पर असं चाटून कुणी दावलं न्हाई."

भाऊसो ताट घेऊन जवळ आला. परत उधळू का, असं त्यानं खुणेनंच विचारलं.

"नगं रं," बयाबाई म्हणाली. "माझ्या तोंडाला लावलाय तेवढा बास."