एकटीला पुरेल अशी गादी

गादी अजून प्लास्टिकातच होती. देल्मिराच्या नव्या खोलीत, दारामागे, भिंतीला उभी करून ठेवलेली. देल्मिरा स्वतः बकरीच्या कातड्यांवर झोपायची. पाठ धरायची, कंबर धरायची, तरी तिथेच झोपायची. एखादी शेजारीण म्हणायची, "अगं, कोरी करकरीत गादी आहे की, काढ ना वापरायला!" त्यावर देल्मिराचं ठरलेलं उत्तर असायचं, "ती माझी नाही. ज्याची आहे त्याला परत करायचीय." मग शेजारीण विषय बदलायची. गादी कुणी दिली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

बासानने दिली होती. हा बासान म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाचा मालक. घोडे, गुरं आणि शहरातल्या पाहुण्यांसाठी बांधलेले बंगले, सगळं त्याचं. कोर्दोबाच्या या डोंगरात ऑगस्ट संपता संपता, म्हणजे इथला हिवाळा सरताना, सांता रोसाचं वादळ येतं आणि हिवाळाभर वाळलेल्या रानावर पहिला पाऊस पडतो. जळलेल्या कुरणावर असा पाऊस पडला की गवत कसं तरारून फुटतं, म्हणून वादळाचा अंदाज घेऊन गुरंवाले आदल्या दिवशी काडी लावतात. बंदी आहे, दंड आहे, तरी लावतात. बरं, लावा बाबांनो, पण उत्तरेचा वारा सुटलेला असताना? ओठ फोडणारा, डोकं उठवणारा, धडधाकट नवरा-बायकोत भांडणं लावणारा तो वारा! तो सुटला की इथली बाई अंगणातली चूलसुद्धा विझवते. गेल्या वर्षी बासानने नेमकी तेव्हाच काडी लावली. सांता रोसा काही आली नाही. आग मात्र त्याच्या कुरणातून निघाली ती थेट देल्मिराच्या दारात आली.

बकऱ्या नुकत्याच व्यालेल्या होत्या. पिल्लांसकट दगडी गोठ्यात बंद होत्या. देल्मिराचा नवरा निकानोर गोठ्याचं दार उघडायला परत गेला. दार त्याने उघडलं, एवढं नंतर कळलं. बकऱ्या बाहेर आल्या नाहीत आणि तोही आला नाही.

त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बासानची गाडी आली. गाडीत ही गादी आणि येर्बाच्या चहाचे दोन पुडे. डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता तो म्हणाला, "एकेरी आहे. एकटीला पुरेल." आणि गाडीत बसता बसता वर हेही म्हणाला, "काय करणार बाई, वाऱ्यापुढे कुणाचं चालतं?"

चौकशीला आलेल्यांना त्याने सांगितलं की सहलीला आलेल्या कुणीतरी निखारे टाकले असतील. झालं, चौकशी आटोपली. महिन्याभराने गावातल्या अग्निशमन दलाचं वर्षाचं जेवण होतं. बासानने भाजायला अख्खं वासरू दिलं आणि पहिल्या टेबलावर बसून टाळ्या घेतल्या. हे देल्मिराच्या कानावर आलं त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, याचं घर जळताना मी बघेन, माझ्या या डोळ्यांनी बघेन. काडी लावणाऱ्यातली ती नव्हती. पण वाट बघणाऱ्यातली होती, आणि तिने वर्षभर वाट बघितली.

यंदाचा वसंत तर आणखीच वाईट निघाला. एप्रिलपासून थेंब नाही. पीचची झाडं वेड्यासारखी फुलली आणि फुलं झाडावरच वाळली. ओढा नावाला उरला. मग उत्तरेचा वारा सुटला आणि एका सकाळी डोंगराच्या पलीकडून धूर वर आला. या खेपेला बासानचा हात नव्हता. कुणी म्हणालं विजेची तार तुटली, कुणी आणखी काही म्हणालं. आग कुणाचीही असो, वाऱ्याबरोबर ती इकडेच येत होती, आणि तिच्या वाटेत आधी बासानचं घर होतं, मग ओढा, मग गाव.

दलाचा प्रमुख ओल्मोस एरवी गावात पाव भाजायचा. तो गाडी घेऊन देल्मिराच्या दारात आला. तोंड काजळीने माखलेलं.

"ताई, माझा रोजचा धंदा भट्टीत आग घालायचा, बाहेर विझवायचा नाही. तू सांग, वारा कधी फिरेल?"

"मला काय विचारतोस? मी काय हवामान खातं आहे?"

"चेष्टा नको गं. या डोंगरात तुझ्याइतके पाय कुणी झिजवलेत? नीट ऐक. दुपारी वारा फिरून दक्षिणेचा होणार असेल, तर मी बासानच्या दगडी कुंपणापाशी पोरं उभी करतो. तासभर कळ काढली की आग आपोआप मागे वळेल, जळलेल्या रानात जाऊन मरेल. सगळंच वाचेल. पण वारा नाही फिरला तर माझी पोरं तिथे भाजून निघतील. मग मला ओढ्यावरूनच उलटी आग लावायला हवी, म्हणजे येणाऱ्या आगीला पुढे जाळायला काही उरणार नाही. गाव वाचेल, मधलं सगळं जाईल."

"मधलं सगळं म्हणजे?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"बासानचं घर. तबेला. बंगले."

देल्मिराने दक्षिणेकडे बघितलं. तिकडच्या कड्यावर ढगांची एक पांढुरकी, बुटकी ओळ बसली होती. तिच्या नव्या बकऱ्या सकाळपासून गोठ्याच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून चिकटून होत्या. तो तापलेला वारा तोंडावर घेत होत्या, पण भिंतीच्या त्या बाजूवरून हलत नव्हत्या. बकरी असं करते ती दक्षिणेचा गार वारा जवळ आला की, आणि जवळ म्हणजे फार तर दुपारी. हे देल्मिराला लहानपणापासून ठाऊक होतं.

"रेडिओ काय म्हणतोय?"

"रात्री फिरेल म्हणतोय."

"मग रात्रीच."

"नक्की ना, ताई?"

निकानोरचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्या मागोमाग बासानची ती न काढलेली टोपी.

"नक्की," ती म्हणाली.

ओल्मोसने मान हलवली. "बासानला घर सोडायचा निरोप गेलाय. गाडी भरतोय म्हणे."

देल्मिरा ओढ्यावर जाऊन उभी राहिली. येताना खेचरावर खोगीर टाकून त्यालाही घेऊन आली होती, तशीच वेळ आली तर बकऱ्या हाकायला. ओल्मोसच्या पोरांनी काठाकाठाने आग लावायला घेतली. गवत इतकं सुकलेलं की काडी दाखवायचा अवकाश! तेवढ्यात वरच्या रस्त्याने बासानची गाडी धडधडत खाली आली. मागे घोड्यांचा पिंजरा, आत त्याचे ते लाडके शर्यतीचे घोडे, लाथा झाडत होते. बासान उतरला आणि ओल्मोसच्या अंगावर धावला.

"अरे, माझं घर आहे वर! कुणाच्या परवानगीने लावताय?"

देल्मिराचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती गाडीत बघत होती. त्याच्या शेजारच्या सीटवर चांदीचे खिळे ठोकलेलं खोगीर होतं. दुसरं कुणी नव्हतं.

"सेफेरिनामावशी कुठंय?"

सेफेरिना म्हणजे बासानची आई, ऐंशी उलटलेली. बासान एकदम खाली बघायला लागला. "घोडे बिथरले होते. म्हटलं आधी यांना सोडतो आणि मग... आता निघालोच परत."

निघणार कुठून? रस्ता धुराने भरला होता. तो चार पावलं गेला, खोकत माघारी आला आणि गाडीला टेकून उभा राहिला. ओल्मोस ओरडून पोरांना थांबवत होता, पण लागलेली आग कुणाच्या ओरडण्याने थांबते?

हे देल्मिराने ठरवलेल्यात नव्हतं. निकानोरला पुरायच्या आदल्या रात्री सेफेरिना एकटी चालत आली होती आणि उजाडेपर्यंत देल्मिराचा हात हातात धरून बसली होती. तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. "मरू दे, तिला मुलगा आहे ना!" देल्मिरा स्वतःशीच पुटपुटली, आणि पुटपुटता पुटपुटताच खेचराचा पट्टा आवळून वर बसली.

रस्ता बंद होता, पण घळीतली बकऱ्यांची वाट उघडी होती. ती वाट माणसांना ठाऊक नसते.

म्हातारी अंगणात खुर्चीवर बसली होती. तोंडावर ओला रुमाल, मांडीवर पर्स, जणू बसची वाट बघतेय. देल्मिराला बघून तिने रुमाल काढला.

"तू आलीस?"

"तो नाही आला."

"ते दिसलं मला. घोडे आधी नेले." ती उठायला लागली. "उचल गं, मी काही फार जड नाही आता."

घळीतून उतरताना म्हातारी खोगिरावर होती. खेचर ठेचकाळत होतं आणि देल्मिरा पुढे लगाम धरून चालत होती. मग वरून म्हातारीचा आवाज आला.

"गेल्या वर्षी मी त्याला खिडकीतून बघितलं होतं. हातात डिझेलचा डबा होता. चौकशीवाले आले तेव्हा मी म्हणाले, मला डोळ्यांनी नीट दिसत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "पोटचा आहे गं."

घळीच्या तोंडाशी मोकळा खडक होता, तिथे देल्मिरा थांबली आणि वळली. वर बासानच्या घराला आग लागली होती. आधी पडव्या, मग तबेला, मग घराचं छप्पर मधोमध वाकलं आणि आत गेलं. देल्मिराने सगळं बघितलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. मागे खेचरावर म्हातारीही बघत होती, तीस-चाळीस वर्षांचा तिचा संसार, पण तिने डोळ्यांना रुमाल लावला नाही की काही नाही.

आणि तेवढ्यात मानेवर गार झुळूक आली. मग आणखी एक. धुराची भिंत जागच्या जागी थबकली, उभी राहिली आणि हळूहळू उत्तरेकडे कलायला लागली. दुपारसुद्धा धड टळली नव्हती.

"दक्षिणेचा," म्हातारी म्हणाली. "माझा गुडघा पहाटेपासून बोंबलत होता. तुझ्या बकऱ्यांनाही कळलं असेल."

आता खोटं बोलता आलं असतं. इथे ऐकायला होतं कोण?

"कळलं होतं," देल्मिरा म्हणाली.

"आणि ओल्मोसला काय सांगितलंस?"

"रात्री फिरेल म्हणून."

वारा वाढला, म्हातारीचे पांढरे केस तोंडावर यायला लागले. देल्मिराला वाटलं, आता ही थुंकेल माझ्यावर, आणि थुंकली तर पुसायचंसुद्धा नाही.

"मी डोळ्यांचं खोटं बोलले," सेफेरिना शेवटी म्हणाली, "तू वाऱ्याचं बोललीस. चल आता, थंडी वाजतेय मला."

गाव वाचलं होतं. सगळे शाळेत जमले होते, बायका मोठ्या पातेल्यातून सूप वाढत होत्या. आईला बघून बासान पुढे आला. डोळे लाल झाले होते, धुराने की कशाने कोण जाणे.

"आई, चल. खाली शहरात हॉटेलात खोली बघितलीय आपल्याला."

"घोड्यांना ने," सेफेरिना म्हणाली. शाळेत चमचेसुद्धा वाजायचे थांबले. "माझी सोय झालीय. मी हिच्याकडे राहणार."

"हिच्याकडे? आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी गेल्या वर्षीच म्हणायला हवं होतं. मीसुद्धा."

देल्मिरा घरी गेली. परत येताना शाळेच्या दारात ओल्मोसने तिला अडवलं. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, वारा रात्री फिरणार होता ना?" तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर हलवली नाही. त्यानेच मग बाजूला होऊन वाट दिली. तिच्या पाठीवर गादी होती आणि प्लास्टिक चालताना करकरत होतं.

बासान एका बाकावर बसला होता. देल्मिराने गादी त्याच्यासमोर भिंतीला टेकवली. येर्बाचे दोन पुडे तिने त्याच्या शेजारी बाकावर ठेवले. एकही फोडलेला नव्हता.

"एकेरी आहे," ती म्हणाली. "एकट्याला पुरेल."

बासानने वर बघितलं. त्याला आठवलं. आठवलं ते त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण देल्मिराने त्याला बोलू दिलं नाही.

"काय करणार," ती म्हणाली, "वाऱ्यापुढे कुणाचं चालतं?"

मग तिने सेफेरिनाच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिला घेऊन बाहेर पडली. मागे बासान बसल्या जागी हळूहळू डोक्यावरची टोपी काढत होता.