न दाबलेले बटण

मित्रांनो, माझी लांब पट्टी मधोमध घासून गुळगुळीत झाली आहे. एका मुलीच्या अंगठ्याने ती घासली. मी एक जुना कीबोर्ड आहे. कालपर्यंत मी कपाटाच्या खालच्या खणात, गुंतलेल्या वायरींच्या शेजारी पडून होतो.

कारखान्यात माझे प्रत्येक बटण पुन्हापुन्हा दाबून पाहिले होते. बोट पडले तरच अक्षर उमटवायचे, एवढेच मला येते. त्यात मी कधी चुकलो नाही.

घरी आल्यावर दिवसा बाबा माझ्यावर ऑफिसची पत्रे लिहीत. संध्याकाळी मी त्यांच्या मुलीचा असे. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिची मावशी दूरच्या शहरात नर्स होती. दोघींनी एका ऑनलाइन खेळात मिळून एक झाड लावले होते. दोघींनी रोज आपापल्या हाताने पाणी घालायचे, असा त्यांचा करार होता. एकीचाही दिवस चुकला की पाने गळत. भिंगरी माझी पट्टी दाबी, मावशी चहाच्या सुट्टीत फोनवरून पाणी घाली. मग दोघी चार ओळी गप्पा मारत. दोन वर्षांत झाड पडद्याच्या वरच्या कडेला टेकले.

मग परीक्षा आली. भिंगरीने इंटरनेटवर कुठूनसे एक साधन शोधून संगणकात उतरवून घेतले. ते आपोआप पाणी घालणार होते. 'खेळाचा पासवर्ड द्या. ही गोष्ट कोणाला सांगू नका,' असे पडद्यावर आले. तिने पासवर्ड दिला, तोही माझ्याच बटणांवरून. दुसऱ्या दिवशी मला कोणी शिवलेही नाही आणि तरी झाडाला पाणी पडले! माझ्या नावाने कोणीतरी खोटी सही करावी, तसे मला वाटले.

मावशीने लिहिले, "परीक्षेतही पाणी चुकवत नाहीस? गुणाची गं माझी बाय!"

"मग! भाची कोणाची?" भिंगरीने उत्तर दिले. ते खोटे मलाच वाहून न्यावे लागले.

आठ दिवसांनी खेळ उघडेना. तेवढ्यात मावशीचा फोन आला. "अगं, झाड अडकलंय म्हणून तू माझा पासवर्ड मागितलास ना? दिल्यापासून माझंही उघडत नाहीये."

भिंगरी पांढरीफटक पडली. तिने काहीच मागितले नव्हते. तिच्या नावाने दुसरेच कोणी आत शिरले होते.

"तू कोणाला पासवर्ड दिला होतास का?" बाबांनी विचारले.

"नाही बाबा. हा कीबोर्डच बिघडलाय. आपोआप दाबला जातो. त्यानेच काहीतरी भलतं लिहिलं गेलं असेल."

बाबांनी मला उलटा करून झटकले. बिस्किटांचा चुरा पडला. "म्हातारा झालाय बिचारा," असे म्हणून त्यांनी मला खणात टाकले. मित्रांनो, तिचा एकेक शब्द मी इमानाने पोचवला होता. माझ्यासाठी तिला एक शब्द बोलवला नाही.

काल मावशी आली. चार्जर शोधताना तिने खण उघडला. "हाच का तो, आपोआप दाबला जाणारा?" तिने मला जोडले आणि हाताची घडी घालून बसली. पडदा कोराच राहिला. मग तिने एक बटण दाबले. एकच अक्षर उमटले.

"अगं, हा तर ठणठणीत आहे. म्हणजे पासवर्ड तूच कोणाला तरी दिलास, आणि तुझ्याऐवजी पाणीही तेच घालत होतं."

भिंगरी माझी वायर बोटाला गुंडाळू लागली.

"झाड गेलं त्याचं काही नाही गं," मावशी हळू आवाजात म्हणाली. "पण पलीकडे तू आहेस असं समजून मी रोज चहा गार करून घेत होते."

आज सकाळी ती परत गेली.

मित्रांनो, जे साधन 'कोणाला सांगू नका' म्हणते, त्याची गोष्ट आधी घरातल्या मोठ्यांना सांगा. पासवर्ड मागणाऱ्याला देऊन मोकळे होऊ नका. आणि चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका.

भिंगरी आत्ता माझ्यासमोर बसली आहे. तिने 'मावशी,' एवढेच लिहिले आहे आणि अंगठा माझ्या पट्टीवर टेकवून ती थांबली आहे. मी वाट पाहतो आहे. पुढचे शब्द मला आपोआप लिहिता येत नाहीत.