पांढरा धूर चांगला असतो

आमच्या गाडीच्या इंजिनातलं हेड गॅस्केट उडालं. बाबांना हे मान्य नाही, त्यामुळे ते उडालेलंच नाही असं समजून पुढे वाचावं.

अनुजाताईच्या साखरपुड्यासाठी जामुलहून राजनांदगावला निघायचं होतं. गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला. मी ऑइलचं झाकण उघडलं, तर आत दुधाळ कॉफी.

"बाबा, ऑइलमध्ये पाणी शिरून राहिलं. गॅस्केट गेलं."

"चूप रे. पांढरा म्हणजे वाफ." बाबांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली. "काळा निघाला तर घाबरजो. आमच्याकडे पांढरा दिसला की साहेब निवांत चहा घ्यायचे."

वाटेत खुर्सीपारला गाडीनं शेवटची वाफ सोडली आणि बंद पडली. बाबांनी टपरीवर निवांत चहा मागवला.

"बाबा, ते लोक वाट पाहून राहिले ना!" शालूतली ताई रडकुंडीला आली.

"कावून रडतं? गाडीले लंच टाइम तर देशील!"

तरी समस्त वरपक्षास नम्र विनंती की, सदर साखरपुडा मंडप व आचाऱ्यांसह खुर्सीपारच्या चहाटपरीवर हलवण्यात यावा. येताना एक हेड गॅस्केट आणावं. आमचं उडालेलं नाही, तरी असू द्यावं.