खालची कड

आईने पाच जण ठरवले होते. पाचवी मी. बाकीचे चौघे तिच्याच संस्थेतले, पण दुसऱ्या विषयांतले. मी तर कशातच नव्हते. "आमच्या घरात इतकी वर्षं राहून आकाशाबद्दल काहीही न शिकलेली ही एकच," अशी माझी शिफारस तिने केली होती.

काम सोपं होतं. एका दूरच्या दीर्घिकेचं चित्र बघायचं आणि सांगायचं, वरची कड जास्त काळपट आहे की खालची. का विचारताहेत ते माहीत नसायला हवं, एवढीच पात्रता.

आई स्वतः बघू शकत नव्हती. डोक्यातल्या गाठीने तिची अर्धी नजर नेली होती. पण नजर शाबूत असती तरी तिने बघितलं नसतं. "मला जे हवंय तेच मला दिसणार," ती म्हणायची. "ज्याला काही नको असतं त्याचे डोळे खरे."

आणि मला समोर दिसेल ते वाचायची खोड आहे. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागदसुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आदल्या दिवशी हॉस्पिटलात ती झोपलेली असताना तिच्या लेखाचा मसुदा उशाशी पडला होता. तो मी वाचला.

ताट तिरकं धरलं की एक कड जवळ येते, एक लांब जाते. दीर्घिकेचंही तसंच, फक्त ती इतकी दूर असते की जवळची कड कोणती हे पटकन कळत नाही. तिच्या वरच्या भागातला वायू आपल्या दिशेने येतोय, एवढं दुर्बिणीने पक्कं सांगितलं होतं. आता वरची कड लांबची असेल, तर आपल्याकडे येणारा हा वायू मध्याकडे चाललाय, आत पडतोय. त्यातून तारे जन्मत राहतील. वरची कड जवळची असेल, तर तोच वायू बाहेर निघून चाललाय, आणि दीर्घिका रिकामी होतेय. जवळच्या कडेची धूळ मागच्या उजेडाच्या आड येते, म्हणून ती कड काळपट दिसते. म्हणजे खालची कड काळी असेल तर आई इतकी वर्षं एकटीने म्हणत होती ते खरं. वरची असेल तर खोटं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता वाचाही जाईल, कधीही. आईला त्याच्या आधी उत्तर हवं होतं. बाकी तिने काहीच मागितलं नव्हतं. आवडीचं खायला नाही, कुणाला भेटायला नाही.

दुपारी गोगलगाय आला. हे नाव आईनेच त्याला दिलेलं. तिचा विद्यार्थी होता तेव्हापासूनचं, आणि आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागले होते. लॅपटॉप टेबलावर ठेवून तो खिडकीपाशी गेला.

"बाई, उजेड पडतोय. पडदा ओढू का?"

"ओढ. पण माझ्या हयातीत ओढ."

त्याने चित्र उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळू नये. करड्या काळोखात एक तिरकी, धुरकट चकती होती. माझी नजर तिच्यावरून गेली असेल, नाही असं नाही. पण मी बघत होते ते आईच्या हातांकडे. चादरीची कड ती बोटांनी पुन्हा पुन्हा चुरगाळत होती.

"खालची," मी म्हणाले.

"बघितलंस?"

"बघितलं की."

"चहा गाळायला याहून जास्त वेळ लावतेस तू."

"स्पष्टच आहे, आई. खालची."

गोगलगाय वळला. त्याने काहीतरी उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"बोल की रे," आई म्हणाली.

"बाई... ताईंना आलेलं चित्र उलटवलेलं होतं."

मला कळलं नाही. आईला कळलं. पाचांपैकी कुणाला चित्र सरळ दाखवायचं आणि कुणाला वरचं खाली करून, हे संगणकाने ठरवायचं, अशी तिचीच अट होती. मसुद्यात ती लिहिलेली नव्हती.

"म्हणजे हिची खालची ती खरी वरची," आई हळूच म्हणाली. "बाकीचे?"

"दोन-दोन."

"म्हणजे तीन विरुद्ध दोन. बाहेर चाललाय." चादरीवरची बोटं थांबली. "बरं. घे लिहून. आधीच्या लेखांत आम्ही जे मत मांडलं होतं..." तिला शब्द सापडेना. "ते... चुकीचं होतं. आम्ही ते... काय म्हणतात रे? मागे घेतो."

ती हे इतक्या सरळ आवाजात सांगत होती की मला ऐकवेना.

"आई, थांब. मी बघितलंच नाही."

"काय?"

"मी तुझा मसुदा वाचला होता. चित्र बघितलं नाही. तुला हवं ते सांगितलं."

गोगलगायीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मग आईला हसू आलं. खरंखुरं, खोकला लागेपर्यंत.

"नापास," ती म्हणाली. "खोडून टाक रे हिचं मत."

"मग परत दाखव मला. आता नीट बघते."

"तुला आता काही हवंय का?"

"हो."

"मग तुझे डोळे काय कामाचे?"

"बाहेर सिस्टर आहे. तिला यातलं काही माहीत नाही. एक मिनिटाचं काम आहे, आई, बोलावते मी तिला."

"सहावा माणूस? मग सातवा, मग आठवा. मनासारखं उत्तर येईपर्यंत माणसं आणत राहायची? पाच म्हणजे पाच. मतं बघितल्यावर माणसं वाढवायची नाहीत."

"तुझाच नियम आहे. तूच मोड ना!" माझा आवाज वाढला. "कोण विचारणार आहे तुला? कोणाला कळणार आहे?"

"बाई," गोगलगायही म्हणाला, "ताई म्हणताहेत तर... एकदाच."

"तूसुद्धा?" आईने डोळे मिटले. "हे बघ गं. तो वायू आत पडो नाहीतर बाहेर जावो, माझ्या गाठीशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि तिथे जे व्हायचं ते आपण कुणी जन्मण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलंय. उगाच कादंबरी करू नकोस."

मी पलंगाच्या कडेला खाली बसले. तिचे पाय धरले होते हे मला नंतर गोगलगायीने सांगितलं. ती हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने पडदा उघडायला सांगितला, आणि तो उघडत असताना, आम्हा दोघांपैकी कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "कळलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर वाचा गेली. उजवा हात तेवढा चालत होता. तो ती तिरका धरायची, तळवा वर. मग पालथा करायची. मग माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "खालची, आई. खालची काळी आहे. आत पडतोय." ती मान हलवायची. नाही. तुझं मत धरत नाहीत.

मग तेही थांबलं.

लेख छापून आला. त्यात आईच्या नावाभोवती, गेलेल्यांच्या नावाला करतात तशी, काळी चौकट आहे आणि शेवटी एक वाक्य आहे: निरीक्षकांची मतं समसमान असल्याने वायूची दिशा ठरवता आली नाही. गोगलगाय अंक द्यायला घरी आला, दारातच उभा राहिला, चहाला नको म्हणाला. सोबत त्याने त्या चित्राची मोठी छापील प्रत आणली होती. कोपऱ्यात वरच्या बाजूला बाणाची खूण आहे, म्हणजे सरळ कसं धरायचं ते कळावं.

ते चित्र माझ्या टेबलावर आहे. मी आता ते नीट बघते. पडदा ओढून बघते, उघडा ठेवून बघते. खालची कड काळी दिसते, अगदी स्पष्ट.

मग मी कागद फिरवते, बाण खाली करते आणि पुन्हा बघते. तरी खालचीच काळी दिसते.