शेजाऱ्याच्या छपरातून

आनंदा होडगेने कुठल्याही छपराचं माप मागवलं की माझ्या घराचं छप्पर हातभर कमी होतं. पहिल्यांदा मागच्या पडवीवरचं गेलं. माझी बायको शालन तिथे कपडे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं, आभाळ दिसलं, आणि ती उरलेले कपडे पिळत राहिली.

होडगे आणि मी, दोघेही आजऱ्यात पत्रे मारायची कामं घेतो. घरंही भिंतीला भिंत लागून. पत्रे मागवण्याआधी छपराचं माप लागतं, आणि माझ्याकडे ते निवृत्ती गुरव काढतो. शिडी लावून चढतो, आढ्यापासून वळचणीपर्यंत दोरी टाकतो, उतार धरून आकडा देतो. एका छपराचे पंधराशे रुपये, दोनदा चहा, आणि त्याला गुडघेदुखी असली तर चार दिवस थांबायचं. होडगेचं माप वरून येतं. एक कंपनी आभाळातून फोटो काढते आणि अर्ध्या तासात आकडा फोनवर पाठवते. वर्षभरात त्याने माझी नऊ गिऱ्हाइकं नेली. त्याचा इस्त्रीचा सदरा दिसला तरी माझ्या पोटात दुखायचं. हे मी कबूल करतो.

एक समाधान होतं. वरून उतार दिसत नाही. वरून बघितलेलं छप्पर सपाट भासतं, आणि सपाट मापाने मागवलेले पत्रे वळचणीला कमी पडतात. आमच्या धंद्यात ही चूक नवखा माणूससुद्धा एकदाच करतो. होडगे कधी तोंडावर आपटतो याची मी वाट बघत होतो. त्याला एकदाही पत्रे कमी पडले नाहीत.

शेवटी निवृत्तीचा आणि कंपनीचा दर एका कागदावर मांडावा म्हणून मी कंपनीला फोन केला. फोन उचलणारी बाई नम्र होती.

"एका छपराचे किती घेता?"

"काहीच नाही."

"मग उताराचं काय? तूट येत असणार."

"येते ना. ती शेजाऱ्याच्या छपरातून भरून काढतो. उरलेलं ग्राहकाच्या घराला जोडून देतो."

"शेजाऱ्याला विचारता का?"

"आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

मी कागदावर निवृत्तीच्या नावाखाली पंधराशे लिहिले आणि कंपनीच्या नावाखाली शून्य. मला राग आला, पण कंपनीचा नाही. ही युक्ती होडगेला माझ्याआधी सापडली, याचा आला.

त्या दिवशी माझ्या घरावर फक्त चुलीवरचे दोन पत्रे शिल्लक होते. मी निवृत्तीला म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस." त्याने दोरी गुंडाळली आणि तो होडगेच्या सोप्यात चहाला जाऊन बसला. तिथून त्याचं हसणं ऐकू येत होतं. आमच्याकडे तो कधी हसला नव्हता.

दोन दिवसांनी चुलीवरचेही पत्रे गेले. आठवडा संपायच्या आत होडगेचं छप्पर भिंत ओलांडून आमच्या घरावर आलं. निळे, नवेकोरे पत्रे, कडेला पन्हळ, स्क्रू एका ओळीत. माझ्या घरावर मी कधी इतकं नीट काम केलं नव्हतं. शालनने खाली चटई टाकली.

"गार वाटतंय बघा," ती म्हणाली.

होडगे भिंतीवरून डोकावला. "श्रीपतराव, कुठं गळत असलं तर सांगा हं. आपलंच छप्पर हाय."

त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मनापासून बोलत होता.

मी पुन्हा फोन केला आणि उत्तूरच्या एका मंगल कार्यालयाचं माप मागितलं. तूट होडगेच्या छपरातून जाईल, असा माझा हिशेब होता.

"तुम्हाला शेजारी दिसत नाहीत," बाई म्हणाली. "तुम्ही होडगेंच्याच छपराखाली आहात."

"मग होडगेची तूट आता कुठून भरता?"

"भरता येत नाही. त्यांनाही शेजारी उरला नाही. त्यांची कामं अडली आहेत."

"मी छपराबाहेर आलो तर?"

"तर दोघांनाही शेजारी मिळेल. शेजाऱ्याचं जे उन्हात असेल ते धरतो. त्यांचं काम आधीचं आहे, साडेदहाचं. तुमचं अकराचं."

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मी वळचणीपाशी गेलो. पावलापुढे ऊन होतं. शालन चटईवर शेंगा फोडत होती.

"अहो, आत या," ती म्हणाली. "त्याचं काम बसल्याजागी बंद पडलंय. आणिक काय पायजे तुमास्नी?"

"त्याचं छप्पर कमी झालेलं बघायचंय."

"आन मग आपण कुठं बसायचं?"

तिचं बरोबर होतं. मी डावा हात मनगटापर्यंत उन्हात धरला.

"शेजारी मिळाला," बाई फोनवर म्हणाली. "धन्यवाद."

साडेदहाला काही दुखलं नाही. मनगटाशी, ऊन सुरू होत होतं तिथे, कात्रीने पत्रा कापावा तशी सरळ रेघ उमटली. त्यापुढे अंगणातली माती दिसत होती. शालन उठून उभी राहिली, तिच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या. भिंतीपलीकडे होडगे आपल्या माणसांना मोठ्याने आकडा सांगत होता. आकडा बरोबर बसला होता. मी वर पाहिलं. त्याच्या छपराला कडेने बोटाएवढी भर पडली होती.

"आता माझं घ्या," मी म्हटलं.

"तुमचं अकराला. तोवर उन्हात काहीतरी ठेवावं लागेल. मध्ये होडगेंची आणखी दोन कामं आहेत."

शालनने मागून माझा सदरा घट्ट धरला. मी एक पाऊल पुढे सरकलो आणि उजवा हात बाहेर काढला.