बाटलीतला खडा

"तीन महिन्यांनी या म्हटलं होतं. चौदा महिन्यांनी आलात," सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाई रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या. "गाठ मूत्राशयाच्या भिंतीबाहेर गेलीय. फुप्फुसातही दिसतेय. आता दुर्बिणीचं काम राहिलं नाही."

दत्तोबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांची बायको विजयमाला बसली होती.

"कॅन्सर आहे, हे बायकोला सांगितलंत ना तेव्हा?"

"सांगतो म्हणालो होतो."

चौदा महिन्यांपूर्वी तिच्या लघवीतून रक्त गेलं, तेव्हा याच बाईंनी दुर्बीण घालून आतली लहानशी गाठ खरवडून काढली होती. चीर नाही, टाका नाही. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली. "वेळेत आलात," बाई म्हणाल्या होत्या, "पण ही गाठ परत उगवते. दर तीन महिन्यांनी आत बघायचंच."

विजयमालाची आई त्याच रोगानं गेलेली. ती त्याचं नावसुद्धा घेत नसे. त्यात लेक राजनंदिनी सात महिन्यांची गरोदर. दत्तोबांनी गावी, लोणीला येऊन सगळ्यांना सांगितलं, मुतखडा होता.

"मग माझा खडा कुठाय?" विजयमालानं विचारलं. "सर्जेरावाला बाटलीत घालून दिलावता."

सर्जेराव तिचा धाकटा भाऊ. त्याचा खडा टीव्हीशेजारी मांडलेला असे.

"दवाखान्यात राहिला. आणतो."

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी रस्त्याच्या कामावरच्या खडीतला एक बारीक खडा उचलला, धुतला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला. विजयमालानं तो साऱ्या आळीला दाखवला.

"सर्ज्या, तुझ्यापेक्षा मोठा हाय बघ."

"अक्का, क्रशरवरनं आणलास का काय?" सर्जेराव हसला. दत्तोबाही हसले.

तीन महिन्यांनी ते म्हणाले, "तपासायला जायचंय."

"अहो, खडा घरात हाय. आता आत काय बघायचंय? परत ती नळी मला न्हाय सोसायची."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण चार दिवसांवर नातवाचं बारसं होतं, आणि ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. पुढेही त्यांनी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिनं नुसतं बाटलीकडे बोट दाखवलं. पुन्हा रक्त गेलं, तेव्हा कुठं ती यायला तयार झाली.

त्या दिवशी सदाशिव पेठेतून परतल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही. दत्तोबांनी घरात सांगितलं, कॅन्सर निघालाय. आत्ताच निघालाय, असंच सांगितलं. चैत्रात विजयमाला गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं बाटली हातात घेतली.

"अण्णा, खडा काढताना दुर्बीण आत होती ना? मग त्या बाईला गाठ दिसली नाही? मी तक्रार करणार. सोडणार नाही तिला."

"पोरगी बरोबर बोलती, दाजी," सर्जेराव म्हणाला. "सही तुमची लागंल."

दत्तोबा म्हणाले, "आधी जेवून घ्या."

पहिल्या ऑपरेशनची फाइल गव्हाच्या कोठीत तळाशी आहे. तिच्यात बाईंनी हातानं लिहिलंय: दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी. पेशंटला आजार सांगणे.

राजनंदिनीनं आज अर्ज छापून आणला. सोमवारी द्यायचा आहे. दत्तोबांनी त्यावर सही केलेली नाही. फाइल कोठीतून काढून लेकीच्या हातात द्यायची राहिली आहे.