पलंगाखालची सुकेळी

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, पण माझ्यावर कधी कोणी बसलं नाही की झोपलं नाही. मी कारवीच्या काड्यांची. उन्हात पडून राहायचं आणि अंगावर केळी वाळवून घ्यायची, एवढंच माझं काम. ऊन खाऊन खाऊन माझ्या काड्या ठिसूळ झाल्या, सुतळी जागोजागी तुटली. आता विरारजवळच्या बोळिंजच्या या वाडीत कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून मला उभं केलं आहे. कोंबड्या दिवसभर चोची मारतात. मी काही म्हणत नाही. खरं तर बोलायचाही कंटाळा येतो, पण एवढी एक गोष्ट सांगून टाकते.

फुलपाड्याच्या बळीरामनं मला बांधलं. डोंगरातून कारवी आणून, एकेक काडी सरळ बघून, तो ती सुतळीनं गुंफत असे. दोन काड्यांमध्ये तो बोटभरही फट ठेवत नसे, पण वारा खेळेल एवढी जागा मात्र सोडत असे. त्याच्याकडून मला या वाडीची मालकीण आल्बिना घेऊन आली. तिच्या वाडीत राजेळी जातीची केळी होती आणि त्यांची सुकेळी करायची तिला हौस होती.

सुकेळी तुम्ही खाल्ली नसतील तर सांगते. पिकलेलं राजेळी केळं सोलून माझ्यावर उन्हात ठेवतात. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून, केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत निजवतात. सकाळी पुन्हा ऊन. असं काही दिवस चाललं की केळं मधासारखं तांबूस होतं. मग त्यांच्या जुड्या करून सुक्या पानात बांधतात. यात घाई चालत नाही. मधल्या दिवसांत तर केळं इतकं मऊ असतं की जरा दाब पडला तरी त्याचा लगदा होतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच बिघडलं.

आल्बिना सुकेळी करायची ती घरापुरती आणि शेजारी वाटण्यापुरती. विकायचं कधी तिच्या मनातही आलं नाही. तिचा नवरा फर्डिनंड मुंबईत एका कचेरीत कारकून होता. माणूस सज्जन, पण नोकरी म्हटली की त्याचा आवाजच बदलायचा. थोरली मुलगी हिल्डा एस.एस.सी. झाली, टायपिंग शिकली, आणि तेव्हापासून फर्डिनंड भेटेल त्याला सांगत सुटला, "आमची हिल्डा लागतेच आहे कचेरीत." हे साल असेल अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचं. हिल्डा काही लागली नाही. अर्ज करून आणि वाट बघून पोरगी कंटाळली आणि एक दिवस आईच्या हातातली टोपली तिनं आपल्या हातात घेतली.

विरारच्या बाजारात नरहरीकाकांचं दुकान होतं. हिल्डा त्यांना सुकेळी चाखवून आली. ते म्हणाले, "माल चांगला आहे पोरी. नाताळाला भरपूर देशील काय? मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवतो." ती "देईन" म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिनं मला विहिरीवर नेऊन घासून घासून धुतलं. इतकं मला आजवर कोणी धुतलं नव्हतं.

डिसेंबर लागला. माझं अंग केळ्यांनी भरून गेलं. ओझं होतं, कावळे होते, माश्या होत्या, पण तक्रार नव्हती. हिल्डा दर घटकेला येऊन एकेक केळं उलटवायची आणि स्वतःशी गुणगुणायची. घरातले सगळे आपल्या गावबोलीत बोलत, ती तुम्हाला समजायची नाही, म्हणून मी त्यांचं बोलणं सरळ करून सांगते आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात हिल्डाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा प्लासिड, मोठ्या कारखान्यात कायम नोकरीला. फर्डिनंडनं त्यांनाही तेच सांगून ठेवलं होतं, मुलगी कचेरीत लागतेच आहे. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेची प्रार्थना झाली की पाहुणे घरी यायचे होते. हिल्डानं पहाटेच केळी माझ्यावर मांडली आणि आईबरोबर देवळात गेली. फर्डिनंड पहिल्या मिस्सेला जाऊन आधीच परतला होता. अंगणात आला तो मला बघून थबकलाच.

"दारात हा बाजार! काय म्हणतील ते?" असं पुटपुटत त्यानं मला एका टोकापासून गुंडाळायला सुरुवात केली. केळ्यांसकट! अहो, तिसऱ्या दिवसाची मऊ केळी ती. मला ओरडता आलं असतं तर मी सगळं बोळिंज गोळा केलं असतं. गोठ्यात ठेवावं तर पाहुणे त्याच वाटेनं येणार. मग त्यानं मला ओढत आणून ओटीवरच्या पलंगाखाली कोंबलं, वरून चादर खाली सोडली आणि हात धुऊन नवा शर्ट घातला.

पाहुणे आले. प्लासिड, त्याची आई मार्था आणि मामा. हिल्डा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरून चहाला लागली. अंगण मोकळं दिसलं तेव्हा तिला वाटलं, बाबांनी केळी परसात सावलीला नेली असतील. इकडे पलंगाखाली माझा जीव गुदमरत होता. केळी एकमेकांत चेंगरली, त्यांचा पाक माझ्या काड्यांतून ठिबकू लागला, आणि मुंग्यांना तर आमंत्रण लागतच नाही.

"मुलगी कुठे कामाला आहे म्हणालात?" मार्थानं विचारलं.

"लागतेच आहे. टायपिंग झालंय तिचं," फर्डिनंड म्हणाला.

तेवढ्यात मार्था पाय झटकू लागली. मग मामांनी पाय झटकले. चादरीखालून मुंग्यांची काळी रांग निघून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत पोचली होती. हिल्डा चहाचं तबक घेऊन आली, तिनं रांग पाहिली, मग ती चादरीकडे बघत राहिली. तबक खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं मला बाहेर ओढलं.

सगळ्यांच्या देखत तिनं मला उलगडलं. काय सांगू मित्रांनो, तिचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. केळं कुठलं आणि काडी कुठली ते कळत नव्हतं. तिचे डोळे भरले. वाटलं, आता ही आत पळून जाणार. पण ती तिथेच बसून राहिली.

"मावशी," ती मार्थाला म्हणाली, "बाबा सांगतात ते खरं नाही. मी कुठे लागत नाहीये. हे माझं काम आहे. नाताळाला विरारच्या दुकानात द्यायचं होतं."

"केळी वाळवणं हे काय काम झालं?" मार्था म्हणाली. "ती तर आम्ही पण वाळवतो."

"वाळवता ना? मग एवढी केळी चेंगरल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक असेल."

मार्था उठून उभी राहिली. चहा तसाच राहिला. पाहुणे गेले आणि स्थळही गेलं. फर्डिनंड पलंगावर मान खाली घालून बसला होता. आल्बिना एरवी नवऱ्यासमोर मोठ्यानं न बोलणारी बाई, पण त्या दिवशी म्हणाली, "मुलीनं चोरी केली असती तरी तुम्ही एवढं लपवलं नसतं."

दुसऱ्या दिवशी हिल्डा दुकानात गेली. घरी आल्यावर मला घासता घासता ती आईला सगळं सांगत होती, म्हणून मला ठाऊक. काठावरची थोडी अर्धी वाळलेली केळी वाचली होती, तेवढी तिनं पुढे ठेवली आणि बाकीची नासली म्हणून सांगितलं. नरहरीकाका चिडले. गिऱ्हाइकांना आता काय तोंड दाखवू म्हणाले. मग ती केळी हुंगून बघत म्हणाले, "नाताळ तर हातचा गेला. लग्नसराईला आण. पण घरात नीट सांगून ठेव, हा धंदा आहे म्हणून."

लग्नसराईला माल वेळेवर गेला. पुढे शेजारच्या डेल्फिन आणि पॉलिन केळी सोलायला येऊ लागल्या. बळीरामनं आणखी चटया बांधून दिल्या, माझ्या धाकट्या बहिणीच त्या. बाजारात लोक "हिल्डाची सुकेळी" मागू लागले. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. एका वर्षी ढगांनी सगळा माल घालवला. एका वर्षी बागेवर रोग आला. हिल्डा किती वेळा माझ्याशेजारी डोकं धरून बसली! पण दुसऱ्या दिवशी केळी मांडायला तीच यायची. आणि तिचं लग्न? तुम्ही विचारणारच. झालं, तिच्या वेळेनं झालं, नाळे गावच्या एका बागायतदाराशी. तो आधी सुकेळी घ्यायला आला होता.

माझी मात्र रया गेली. नव्या चटया आल्या तशी मी गोठ्यात पडले आणि तिथेच विसरले गेले.

मग हिल्डाच्या धाकट्या बहिणीला, कॅथरिनला, बघायला पाहुणे यायचे ठरले. ती हिल्डाबरोबरच काम करत होती. फर्डिनंड तोवर निवृत्त झाला होता. सकाळीच तो गोठ्यात आला. मला वाटलं, झालं, आता चुलीत जाणार. पण त्यानं मला झटकलं, तुटलेली सुतळी जमेल तशी बांधली आणि ओढत अंगणात आणलं. परसात नाही, अगदी फाटकासमोर, येणाऱ्याच्या वाटेत. नव्या चटया होत्या, पण त्यानं मलाच निवडलं. एकेक केळं तो आपल्या हातानं माझ्यावर मांडत गेला.

पाहुणे फाटकात अडखळले. फर्डिनंड पुढे होऊन म्हणाला, "जरा कडेनं या हो. माझ्या मुलींचा कारखाना आहे हा."

ओटीवर सासरहून आलेली हिल्डा उभी होती. ती आत वळली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दिवसाच्या ओझ्यानं माझ्या मधल्या काड्या मोडल्या. तेव्हापासून मी इथे, खुराड्यापाशी. नोकरी वाईट असं मी म्हणणार नाही, फर्डिनंडच्या पगारावरच हे घर उभं राहिलं. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आपल्या हातानं काही सुरू केलं असेल, मग ते केळी वाळवणं का असेना, तर पाहुणे येणार म्हणून ते पलंगाखाली सरकवू नका. आणि सरकवणारे तुमचे बाबा असतील, तर त्यांच्यावर फार रागावू नका. त्यांना थोडा वेळ लागतो.

आता मला पडू द्या. ऊन कलायला लागलंय. कोणाची केळी अंगणात राहिली असतील, तर दव पडायच्या आत उचला.